चार तास आणि अडीच तास

आमच्या ह्यांना गावातली तीस-पस्तीस हजार माणसं ओळखतात, पण नावाने ओळखणारी दहासुद्धा सापडायची नाहीत. सगळ्यांचे हे चावीवाले. गावाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, एवढं काम, आणि ते बत्तीस वर्षं चाललंय. खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी, वर आडवा दांडा, पायात रबरी बूट आणि पँटचे गुडघे कायम ओले. लग्न झालं त्या वर्षी मी विचारलं होतं, अहो, तुमचे गुडघे कधी वाळतात तरी का? तर म्हणाले, निवृत्त झाल्यावर. विनोद केला की खरंच सांगितलं, तेही कळू द्यायचे नाहीत. असल्या माणसाशी संसार म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

चावी फिरवायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा फिरवून बघावी. चेंबरचं झाकण उचलायचं, चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि तेरा आटे फिरवायचे, पण एका दमात नाही. तीन आटे झाले की थांबायचं. दांड्याला कान लावायचा, आत पाणी कसं चाललंय ते ऐकायचं, मग पुढचे तीन. घाई केली की पाइपात हवा कोंडते, पाइप आतल्या आत आपटायला लागतो आणि दूर कुठेतरी जोड सुटतो. हे भर चौकात लोखंडाला कान लावून डोळे मिटून उभे असायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय.

आता गाव कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अर्धं गाव चढावर, अर्धं नदीच्या काठाला. चढावरच्यांची भाषा एक, काठावरच्यांची दुसरी. बाजारात दोघांनाही दोन्ही येतात, पण घरात ज्याची त्याची. मी काठाची. चढावर दिलेली. दिली कसली, माझी मीच गेले, घरच्यांनी नंतर मान्य केलं. पाण्याची टाकी चढाच्या डोक्यावर. तिथून मोठा पाइप मधल्या चौकात उतरतो आणि तिथे त्याचे दोन फाटे होतात. एक काठाकडे खाली जातो, दुसरा वळून परत चढावर येतो. दोघांचे व्हॉल्व्ह एकाच चेंबरमध्ये, हातभर अंतरावर. आमचं घर चढाच्या अगदी शेवटच्या गल्लीत. मधल्या चौकातून वर यायला एकशे चाळीस पायऱ्या. माझं माहेर काठाच्या अगदी शेवटच्या नळाला. म्हणजे गावाच्या पाण्याची दोन्ही टोकं माझीच.

हे नोकरीला लागले तेव्हा नियम असा होता, की आधी चढाला पाणी सोडायचं आणि टाकीत उरलं तर काठाला. लेखी असं कुठे नव्हतं, पण खात्यात एक्केचाळीस माणसं आणि त्यातली छत्तीस चढाची, मग लिहायची गरज काय? माझ्या माहेरच्या नळाला कधी दोन बादल्या यायच्या, कधी नुसती हवा. ह्यांना ते बघवलं नाही. साहेबाला न विचारता त्यांनी वेळा बदलायला सुरुवात केली. पाव तास इकडचा काढायचा, तिकडे घालायचा, आणि दुपारी आमच्या नळापाशी येऊन विचारायचं, आज किती बादल्या झाल्या? मी एकोणीस वर्षांची. मी आकडा सांगायची. मी नसले की माझा धाकटा भाऊ सांगायचा. तो शाळेतून आला की दप्तर टाकून नळाशीच बसायचा, हिशेबात पहिल्यापासून हुशार. असं वर्षभर चाललं. आई म्हणायची, हा मेला पाणी बघायला येतो की पोरगी बघायला, ते एकदा स्पष्ट विचारा कुणीतरी.

वर्षाच्या शेवटी ह्यांचं गणित बसलं. काठाला अडीच तास, चढाला चार तास. ऐकायला उफराटं वाटतं, पण खालच्या नळाला धार जोरात, वरच्या नळाला करंगळीएवढी. शिवाय आमच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पाणी चढून यायलाच पावणेतीन तास जातात. अडीच तासांत काठाच्या शेवटच्या घरी पंधरा बादल्या, चार तासांत चढाच्या शेवटच्या घरी पंधरा बादल्या. ना एक कमी, ना एक जास्त. लग्न होऊन मी वर आले आणि त्याच बादलीने वरच्या पंधरा मोजल्या, तेव्हा मला ह्या माणसाचा केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

पण त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. खात्यालाही नाही, गावालाही नाही. मी कितीदा म्हटलं, अहो, लिहून काढा, चौकात पाटी लावा, लोकांना कळू दे कुणाला किती आणि का. त्यांचं उत्तर ठरलेलं. पोचतंय ना पाणी? मग झालं. साहेब बदलत गेले, कुणी विचारलं नाही, आणि ह्यांच्या डोक्यातलं ते वेळापत्रक एकतीस वर्षं बिनबोभाट चाललं.

त्याच काळात पुढे पक्ष आले. पूर्वी गावात एकच पक्ष होता, देशभराचा, त्यात सगळ्या समाजाचे लोक असायचे आणि सगळ्या समाजाच्या लोकांना तो सारखाच ताटकळत ठेवायचा. आता त्याच्या कार्यालयात मोबाइल दुरुस्त करून मिळतात. काठाचा पक्ष निघाला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, उलट मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. का नाही वाजवायच्या? पाण्याचं बिल फक्त चढाच्या भाषेत यायचं. माझी आई ते हातात घेऊन खात्याच्या खिडकीशी उभी राहायची आणि आतला कारकून तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. पंपघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, देश एक, पाणी एक. तेही फक्त चढाच्या भाषेत. आईला ते वाचता यायचं नाही.

काठाच्या पक्षाचा गावातला पुढारी झाला माझा भाऊ. आता तो मास्तर झाला होता, शाळेत गणित शिकवायचा. स्टुलावर उभा राहून बोलायला लागला की माणसं हलायची नाहीत. त्याने भांडून बिलं दोन्ही भाषांत करून घेतली. खात्यात काठाची नऊ माणसं लावून घेतली. खरं ते खरं, ते त्याचंच काम, आणि ह्यांनीही त्याला घरी बोलावून पाठीवर थाप दिली होती. दोन वर्षांत चढाच्या लोकांना वाटायला लागलं की आपलं सगळं खाली चाललं, मग त्यांचाही पक्ष निघाला. राजधानीत आमची मुलगी नोकरीला आहे. ती फोनवर म्हणायची, आई, इथे संसदेत असे सात आहेत, जो तो आपल्या समाजाचा, आणि भाषणाच्या शेवटी सगळे देशाच्या ऐक्याचं नाव घेतात.

ज्या मागण्या सोप्या होत्या त्या संपल्या. निवडणूक तोंडावर आली आणि दोघांनाही नवं काहीतरी हवं होतं. काठाच्या पक्षाची दोन माणसं आठवडाभर मधल्या चौकात घड्याळ घेऊन बसली. आठव्या दिवशी पुलावर पाटी लागली. चढाला चार तास, काठाला अडीच तास, हाच का तुमचा एक देश? त्यानंतर तिसऱ्या दिवशी चढाची पाटी लागली. काठाच्या नळाला धार, चढाच्या नळाला थेंब, आम्ही किती सोसायचं? दोन्ही पाट्या खऱ्या होत्या, तिथेच तर घोडं पेंड खात होतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

त्यानंतर ह्यांचं रस्त्याने चालणं कठीण झालं. खालून जाताना लोक म्हणायचे, चढाचा माणूस, चढालाच पाणी पाजणार. वरून जाताना म्हणायचे, बायको काठाची, सासरवाडीला धार सोडतो. आमच्या सात पिढ्यांचा उद्धार दोन्ही भाषांत झाला, आणि मला मेलीला दोन्ही कळतात. हे मान खाली घालून जायचे, चेंबर उघडायचे, दांड्याला कान लावायचे. मी म्हटलं, आता तरी बोला. म्हणाले, नगरसभेने बोलावलंय, तिथे बोलेन.

चौकशी लागली, की चावीवाल्याने कुणाच्या हुकमाने पाणी कमी-जास्त केलं. ह्यांना दुसरं काही नको होतं. नोकरीचे आठ महिने उरले होते, पगार कापला तरी चालेल म्हणाले. दोन्ही टोकांना पंधरा बादल्या पोचत राहाव्यात, एवढं एकच मागणं होतं. त्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कागद घेऊन सगळं लिहून काढलं. पाइप किती इंची, कुठे किती उतार, किती वेळात कुठे पोचतं. तीन दिवस बसून लिहिलं, आणि अक्षर असं की पोस्टमनही हात जोडेल.

मीही बोलायचं ठरवलं होतं. दोन्ही नळांवर बादल्या मोजलेली बाई गावात एकच, आणि ती मी. सभेच्या दाराशी कारकून बसला होता, त्याच्यापुढे बोलणाऱ्यांच्या दोन याद्या. दोन्ही पक्षांनी मिळून ठरवलं होतं, एक चढाचा बोलेल, मग एक काठाचा, प्रत्येकी पाच मिनिटं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, कुठल्या यादीत? मी म्हटलं, जन्म काठाचा, सासर चढाचं, कुठेही लिही बाबा. तो म्हणाला, कुठेही असं लिहिता येत नाही, त्या त्या प्रमुखाची सही लागते.

मी चढाच्या प्रमुखाकडे गेले. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, माणूस तसा वाईट नाही. म्हणाला, वहिनी, काय बोलणार तुम्ही? मी म्हटलं, दोन्हीकडे सारखं पाणी पोचतं हे सांगणार. तो म्हणाला, मग मी सही कशी देऊ? आमचं म्हणणं आम्हाला कमी मिळतं असं आहे. मी भावाकडे गेले. तो कागद चाळत होता, वर न बघता म्हणाला, ताई, तुझं मतदार यादीत नाव चढाला आहे. मी म्हटलं, अरे, पण बादल्या तूही मोजल्या आहेस. त्याने कागदाचं पान उलटलं. त्याच्या वर्गातल्या पोरांना तो दरवर्षी शिकवतो, एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा अडीच तासांत भरतो. आणि इथे त्याला गणित आठवेना.

मी मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं. माहेरच्यांसमोर सासरची बाजू आणि सासरच्यांसमोर माहेरची, असं बोलायचा प्रसंग टळला. मी आरडाओरडा करून बोलू शकले असते. गल्लीत भांडायला लागले तर तीन घरं खिडक्या लावून घेतात. त्या दिवशी मात्र मूग गिळून उभी राहिले.

ह्यांना समोर उभं केलं. ते कुठल्याच यादीत नव्हते, त्यामुळे त्यांना पाच मिनिटं नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. चढाला किती? चार तास. काठाला किती? अडीच. हा हुकूम कुणाचा? कुणाचाच नाही. कधीपासून? एकतीस वर्षं झाली. मग तुम्हाला हा अधिकार दिला कुणी? हातातला कागद ह्यांनी दोनदा उलगडला आणि दोनदा त्याची घडी केली. मग म्हणाले, कुणीच नाही दिला. चूक झाली.

मी कपाळाला हात लावला. सभेत गलका झाला. सगळ्यांना वाटलं ह्यांनी चोरी कबूल केली. नंतर घरी मी ह्यांच्यावर अशी तुटून पडले की विचारू नका. एकतीस वर्षं उन्हातान्हात खपलात आणि शेवटी तोंडातून निघालं काय, तर चूक झाली. तेव्हा ते म्हणाले, अगं, खोटं कुठे बोललो? मी त्यांना विचारलंच नाही कधी. मला वाटलं, पाणी पोचवलं की झालं. पण माझ्या मनाने त्यांच्यात वाटणी केली, त्यांनी त्यांच्या मनाने कधी केलीच नाही. त्यांना एकमेकांच्या नळाची माहितीच नाही, तर भरवसा कुठून येणार? त्यावर मी आणखी चिडले.

सभेत पुढे ठराव आला. दोन्ही भागांना समान वेळ, सव्वातीन तास, सव्वातीन तास. कागद कुणी वाचला नाही, तो चिटणिसाच्या टेबलावर पडून राहिला. ठरावाला दोन्ही बाजूंचे सगळे हात वर गेले. पक्ष आल्यापासून पहिल्यांदाच सगळे हात एकदम वर गेले होते. वर्तमानपत्रात मथळा आला, ऐक्याचा ठराव मंजूर. फोटोत हार्डवेअरवाला आणि माझा भाऊ शेजारी शेजारी, एकमेकांचा हात धरून. चावी ह्यांच्याकडेच राहिली, पण आता प्रत्येक पक्षाचा एक माणूस घड्याळ घेऊन चेंबरपाशी उभा राहायचा आणि मिनिट भरलं की हात वर करायचा.

व्हायचं तेच झालं. काठाला पाऊण तास जास्त पाणी जायला लागलं. तिथे बादल्या आधीच भरलेल्या असायच्या, वरचं पाणी गटारात जायचं. आमच्या गल्लीत पाणी पोचायला पावणेतीन तास, मग उरला अर्धा तास. कशाबशा पाच-सहा बादल्या. उन्हाळा चढला तशा तीन झाल्या. चढाच्या खालच्या घरांना काहीच फरक पडला नाही, त्यामुळे चढाच्या पक्षालाही ओरडायला कुणी नव्हतं. शेवटच्या गल्लीत मतं किती, तर एकसष्ट.

पंधरवड्याने दोन्ही पक्षांची माणसं कंटाळून घड्याळं घेऊन घरी गेली. चेंबरपाशी पुन्हा हे एकटेच. आणि मग मी, जी आयुष्यभर ह्यांच्या कानीकपाळी ओरडत होते की लपवू नका, लोकांना सांगा, तीच मी एका सकाळी म्हटलं, अहो, पाव तास सोडा ना जास्त. कोण बघतंय आता? समोरची शिवणकाम करते, तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, दिवसाला तिची चार चादरी-कपडे धुवावे लागतात. तिच्यासाठी तरी.

हे बूट चढवत होते. म्हणाले, नाही.

मी म्हटलं, बत्तीस वर्षं सोडलंत, आता कुठून आलं हे शहाणपण? तर म्हणाले, तेव्हा कुणी ठरवलेलं नव्हतं. आता त्यांनी ठरवलंय. मी चोरून दुरुस्त करत बसलो तर त्यांना कधी कळणारच नाही आपण काय ठरवलं ते. मी म्हटलं, आणि तोवर तिच्या सासूने काय करायचं? त्यावर त्यांनी दुसरा बूट चढवला. चावी घेतली आणि गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आजही मला ते पटलेलं नाही. पटलंही आहे. माझं मलाच कळत नाही.

मी खालून कॅन भरून आणायला लागले. मधल्या चौकातल्या सार्वजनिक नळावरून दोन कॅन, वीस-वीस लिटरचे, एकशे चाळीस पायऱ्या. मला हे वय आणि हे गुडघे. वाटेत दोनदा बसायचं आणि मग पुढे चढायचं.

एका दुपारी शेवटच्या पायरीवर बसून दम खात होते, तर भाऊ समोर. शाळा सुटल्यावर आला होता, काखेत वह्यांचा गठ्ठा. सभेनंतर पहिल्यांदाच घरी येत होता. त्याने कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझी साडी कमरेपर्यंत भिजलेली. त्याने दोन्ही कॅन उचलले आणि घरात आणून ठेवले.

हे आत बसले होते. मी चहा टाकला, अगदी मोजून तीन कप. भाऊ कप हातात धरून बसला. मग हळूच म्हणाला, भाऊजी, तुम्ही अर्धा तास जास्त सोडा वर. मी काही बोलणार नाही. आमची माणसंही आता येत नाहीत तिकडे.

हे म्हणाले, तू काही बोलणार नाहीस, हेच नको आहे. मीही एकतीस वर्षं काही बोललो नाही, त्याचं काय झालं ते बघितलंस. तू सभेत बोल. उभा राहा आणि म्हण, काठाला अडीच तास पुरतात, मी स्वतः मोजलं आहे. तुझं ऐकतील. माझं ऐकणार नाहीत, हिचं तर नाव लिहायलाच जागा नाही.

भावाने कप खाली ठेवला. म्हणाला, भाऊजी, आईला त्या खिडकीशी ताटकळत ठेवायचे ते मी विसरलेलो नाही. आमच्या लोकांनी पहिल्यांदा मान वर केली आहे. त्यांना मी सांगू, की तुमचा पाऊण तास परत द्या? दुसऱ्या दिवशी मला कुत्रंही विचारणार नाही. आणि माझ्या जागी जो येईल तो ताईच्या नळाची पर्वा करणार आहे का?

हे म्हणाले, तुला माहीत होतं ना, त्या दिवशी सभेत?

भाऊ म्हणाला, होतं.

एवढंच. मला वाटलं होतं तो काहीतरी सबब सांगेल, घसा साफ करेल, वह्या आवरेल. त्याने सरळ सांगितलं, होतं. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच्या डोक्यावरून हातही फिरवावासा वाटला, कारण तो लहानपणी खोटं बोलायचा नाही आणि आताही बोलला नाही. मी दोन्हींतलं काही केलं नाही. मी त्याच्या कपातला थंड चहा ओतून टाकला.

तो उठला. कोपऱ्यातले दुसरे दोन रिकामे कॅन घेतले आणि पायऱ्या उतरून गेला. मला वाटलं, रागाने गेला, कॅनही गेले. वीस मिनिटांनी वर आला. दोन्ही भरलेले. पंचेचाळिशीला आलेला माणूस, काठाच्या पक्षाचा पुढारी, भर उन्हात चढाच्या पायऱ्या चढून, चढाच्या लोकांच्या दारांवरून, दोन्ही हातांत पाणी घेऊन. कॅन ठेवले, वह्या उचलल्या आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. आता दीड महिना होत आला, एक दिवस चुकलेला नाही. पायऱ्यांवर त्याला ओळखणारे लोक आहेत, त्याच्याच पक्षाचे, ते बघतात. तो त्यांच्यादेखत पाणी आणतो, त्याची त्याला लाज नाही. पण मधे दोन सभा झाल्या, दोन्हींत तो तास तास बोलला, आणि त्यात हे एक वाक्य नव्हतं. एक वाक्य बोलण्यापेक्षा त्याला रोजच्या एकशे चाळीस पायऱ्या सोप्या वाटतात. हे दाराशी जाऊन त्याच्या हातातले कॅन घेतात. दोघांत बोलणं होत नाही. निवृत्तीला ह्यांचे पाच महिने राहिलेत.

काल तो कॅन ठेवून गेला तेव्हा समोरची शिवणवाली तिच्या दारात उभी होती. हातात सासूची चादर, न धुतलेली. ती माझ्यावर चिडलेली नव्हती, चिडली असती तर बरं झालं असतं. तिने भाऊ खाली उतरून जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला म्हणाली, वहिनी, तुमचा भाऊ खाली आहे. आमचा कुणीच नाही.

मी तिला एक कॅन दिला. तो घेऊन ती आत गेली. गल्लीत अजून चौदा घरं आहेत.